लाल केस

डॉक्टरीणबाईंनी ट्रे पुढं केला आणि मालनवहिनी दोन पावलं मागं सरकली.

मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझा थोरला भाऊ दिनकरदादा आणि त्याची बायको मालनवहिनी. आत त्यांची हर्षदा गुंगीत पडली होती. नववीतली पोर, तापानं फणफणलेली, म्हणून सकाळीच जीप करून आणली होती. अंगातून जे काढलं ते नातेवाइकांना बाहेर आणून दाखवायची आपल्याकडं रीतच आहे. मुतखडा असो की अपेंडिक्स, डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमच्या माणसांना ऑपरेशन झालं असं वाटतच नाही. आम्ही पू-रक्त बघायची तयारी करून उभे होतो. ट्रेमध्ये केस होते.

बोटाच्या पेराएवढा पुंजका. काळे, पांढरे, बहुतेक बारीक कापलेले, आणि त्यात एक लांबसर लाल केस, ओला, वेटोळं करून बसलेला.

"हे पोरीच्या अंगात हुतं?" दादानं विचारलं.

डॉक्टर नाडगौडा लहान मुलांच्या सर्जन. ठेंगण्या, बोलताना थोडा कानडी हेल काढणाऱ्या. त्यांनी न लाजता जागेचं नाव घेतलं, दादानं मात्र मान खाली घातली. माकडहाडाच्या खाली, कुल्ल्यांच्या मधल्या घडीत, कातडीला बारीक भोकं पडतात, म्हणाल्या. वयात येताना मुलामुलींना हे होतं. सुटे केस घामानं तिथं चिकटतात, बसून बसून आत रुततात, आणि मग आत बोगदा तयार होऊन त्यात पू धरतो. कापलेल्या केसाचं टोक सुईसारखं असतं, ते लवकर शिरतं. कधी केस स्वतःचा असतो, कधी दुसऱ्या कुणाचाही.

"घरात कुणाचं सलून आहे का?" त्यांनी सहज विचारलं.

दादा आणि वहिनी, दोघांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्याकडं बघितलं.

माझं डोकं तेव्हा लाल होतं. नवऱ्याला सोडून मी माहेरी आले ती हात हलवत आले नव्हते, सांगलीत ब्युटीपार्लरचा कोर्स करून आले होते. रस्त्याकडेच्या खोलीत 'नलिनी लेडीज पार्लर' अशी पाटी लावली. गावानं आधी नावं ठेवली आणि मग सगळ्या जणी भुवया कोरायला आल्या. त्या संक्रांतीला मी केसांना बरगंडी रंग लावला होता. नलूच्या डोक्याला आग लागली, अशी चेष्टा चावडीपर्यंत पोचली. मला त्याचं काही वाटलं नाही. पंचक्रोशीत तसं डोकं दुसरं नव्हतं.

"माझं पार्लर आहे," मी डॉक्टरांना सांगितलं. "पोर शाळेतनं माझ्याकडंच येती. जमिनीवर बसून अभ्यास करती."

"मग तिथलेच केस. तुमचा दोष नाही हो. पण आता तिला तिथं खाली बसवू नका."

आणि पुढचं समजावून सांगितलं. आज फक्त गळू फोडलं. ते निवळलं की तीन आठवड्यांनी खरं ऑपरेशन. मोठी चिरफाड नाही. भोकं तेवढी कोरून काढायची, त्यातूनच बारीक दुर्बीण आत घालून उरलेले केस ओढायचे आणि बोगदा साफ करायचा. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी, आठवडाभरात शाळा. पण केलंच नाही, तर परत परत पू धरणार, आतल्या वाटा वाढत जाणार, आणि मग मोठं कापण्यावाचून इलाज राहणार नाही. तसलं मोठं कापणं आम्ही बघितलं होतं. आमच्या तलाठ्याचा मुलगा तेवढ्यासाठी महिनोन्महिने पालथा पडून होता, रोज जखमेत कापडाची वात भरून घेत ओरडायचा. दादा लगेच म्हणाला, बारीकच करू या.

परत येताना जीपमध्ये हर्षदाचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि ती सारखी त्या केसांवरून हात फिरवत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी.

हे दुखणं लवकर कळलं नाही त्याला आमची भाषाही जबाबदार आहे. आमच्याकडं असल्या फोडाला केस्तूड म्हणतात. केस तुटून फोड आला, एवढाच त्याचा अर्थ. कुणालाही येतं, पोटीस बांधलं की फुटतं, म्हणून घाबरायचं काही कारण नसतं. हर्षदा एका कुल्ल्यावर बसायला लागली, पोटावर झोपून गणितं सोडवायला लागली, तेव्हा मी विचारलं तर म्हणाली, केस्तूड आलंय आत्या, आईला सांगू नको. जागा अशी की पोरीला दाखवायची लाज आणि आम्हाला बघायची. वहिनीला कळल्यावर तिनं गिरणीतलं पीठ आणि हळद शिजवून बांधली. दादाची पिठाची गिरणी होती, पोटीसाला काय तोटा. त्यात ताप चढला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीचा भाऊ आला. आनंदा त्याचं नाव. अंगानं दांडगा, बहिणीवर जीव टाकणारा, आणि दर अमावास्येला एका देवऋषीकडं जाणारा. वहिनीनं त्याला केसांचं सांगितलं. पोरीच्या अंगातनं केस निघाले, हे ऐकल्यावर आमच्या भागात माणूस डॉक्टरकडं बघत नाही, करणी कुणी केली ते बघतो. कंगव्यातलं गुंतवळसुद्धा आम्ही उघड्यावर टाकत नाही, थुंकून, गुंडाळून, भिंतीच्या फटीत दडवतो, का तर कुणाच्या हाती लागू नये. आनंदा त्याच संध्याकाळी देवऋषीकडं गेला आणि निकाल घेऊन आला. लाल केसाची बाई घरातलीच आहे. ती सापडून तिचा बंदोबस्त होईपर्यंत पोरीला लोखंड लावायचं नाही.

लाल केसाची बाई शोधायला गावात फिरावं लागणार नव्हतं.

मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. नुसतं हर्षदाचं येणं बंद झालं. मी घरात गेले की वहिनी पोरीला आतल्या खोलीत घ्यायची. मी आणलेली पेरवाची पिशवी तशीच ओट्यावर पडून राहिली. जी पोर दीड महिन्याची असल्यापासून मी न्हाऊ घातली, तिची वेणी घालायची मला बंदी. मी मनातल्या मनात वहिनीला इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

एका दुपारी हर्षदा शाळेतनं परस्पर पार्लरच्या मागच्या दाराशी आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आत्या, परत ठणकायला लागलंय. मामा म्हणतोय त्याच्या गावाला न्हेणार, पाच अमावास्या तिथंच ठेवणार. तिथला बाबा जखमेत राख भरतो."

मी शटर ओढलं आणि थेट गिरणीत गेले. दादा पट्टा चालू ठेवून बोलत होता, म्हणजे ऐकायचं नव्हतं. मी बटण बंद केलं. पोरीला राख भरून घ्यायची की बारीक भोकं पाडून मोकळं करायचं, एवढं एकच विचारलं. दादा पिठानं पांढरा झालेला चेहरा पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "तारखेला नेतो मी. पर तू येऊ नगंस. उगा वाढायला नको."

तारखेला मी दुसऱ्या एसटीनं गेले.

वॉर्डाच्या टोकाला बाकडं होतं, तिथं जाऊन बसले. हर्षदा हिरवा झगा घालून कॉटवर कुशीवर पडली होती. रात्रीपासून उपाशी. दादा आणि वहिनी दोन बाजूंना. वहिनीनं मला बघितलं आणि नजर फिरवली. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि आनंदा आला. त्याची जीप खाली उभी होती, इंजिन चालूच होतं, वरपर्यंत ऐकू येत होतं.

मगदूम सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या होत्या. दादाच्या हातात पेन होतं.

"दाजी, सही करू नका," आनंदा म्हणाला. आवाज चढवला नाही. तसा तो वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. भाचीच्या काळजीनं त्याचे डोळे लाल झाले होते. "बाबांनी सांगितलंय. दोष अंगात असताना लोखंड लागलं तर पोरगी टेबलावरनं उठायची न्हाई. मग काय करशीला?"

पेन थांबलं. वहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, मॅडम विचारतायत, नाहीतर पुढचा पेशंट आत घेऊ का. दादानं वहिनीकडं बघितलं, वहिनीनं जमिनीकडं.

मग हर्षदा बोलली. "पप्पा, मला नीट बसायचंय. एवढंच."

आनंदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बसशील बाळा. आधी जगायला पायजे."

दादानं पेनाला टोपण लावलं. खिशाला अडकवलं. ते बघितलं आणि मी उठले. मला आठवतंय, बाकड्यापासून कॉटपर्यंत जाताना माझ्या मनात दोन वाक्यं होती. एक बोललं तर आनंदाचं तोंड कायमचं बंद झालं असतं. जिभेवर आलंही होतं. मी दुसरं बोलले.

"तो केस माझा आहे."

वहिनीनं झटकन मान वर केली. आनंदा वळला.

"कबूल करतीस?"

"कबूल. लाल डोकं गावात दुसऱ्या कुणाचं आहे? आता सांगा, तुमच्या बाबांना काय पाहिजे?"

तो गडबडला. भांडण होईल या तयारीनं आलेल्या माणसाला कबुली मिळाली की काय करायचं ते सुचत नाही. मग म्हणाला, लाल केस उतरवून द्यायचे, ते बाबा वाहत्या पाण्यात सोडतील. घराची पायरी चढायची नाही. पोरीला हात लावायचा नाही.

"आणि मग ऑपरेशन होऊ देणार?"

"दोष बाहेर पडल्यावर आमी कशाला ना म्हणू? आमची काय दुष्मनी हाय व्हय पोरीशी?"

मी सिस्टरांकडं कात्री मागितली. त्या नको नको म्हणत होत्या, मग डोळ्यांत पाणी आणून त्यांनी बँडेज कापायची कात्री दिली. असली बोथट कात्री मी माझ्या पार्लरमध्ये दारातही उभी करणार नाही. वेणी मानेपाशी धरून चावत चावत कापावी लागली. आजूबाजूच्या कॉटांवरची माणसं उठून बसली होती. सगळ्यांत वाईट तो आवाज होता, करकर करकर, कानाच्या इतक्या जवळ. हर्षदा रडत म्हणाली, आत्या नको ना.

"अगं, परत येतात," मी म्हणाले. "माझा धंदाच त्यावर चालतो."

वेणी आनंदाच्या हातात दिली. त्यानं ती रुमालात बांधली. दादा माझ्याकडं न बघता कागद गुडघ्यावर धरून सही करत होता, पेन उमटत नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा गिरवत होता. वहिनी कॉटच्या दांडीला धरून उभी होती, दगडासारखी. मला वाटलं होतं, निदान नको म्हणेल.

पोरीला आत नेलं. आनंदा रुमाल घेऊन जीपमध्ये बसून गेला. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन डोक्यावर ओढणी घेऊन बसले. मान नागडी झाल्यासारखी गार लागत होती. आता आत काय होतंय, एवढीच वाट बघायची होती. आत काही कमीजास्त झालं असतं, तर मी नुसती पार्लरवाली राहिले नसते, पोर खाल्लेली बाई म्हणून जगले असते. भूल देताना काय काय होऊ शकतं, ते डॉक्टरांनी आधी सांगितलंच होतं. तेव्हा ऐकताना काही वाटलं नव्हतं. आता एकेक शब्द आठवत होता.

मग थिएटरचं दार उघडून सिस्टरांनी हाक मारली. पडद्यावर दिसतंय, घरच्या बायकांपैकी एकीनं येऊन बघा. मॅडमांची तशी पद्धत होती, काय केलं ते आईला दाखवायचं. वहिनी उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. मागं वळून माझ्याकडं बोट केलं.

"त्यांस्नी दाखवा."

हात लावायला बंदी होती, बघायला नव्हती. मी आत गेले, टोपी-मास्क घालून काचेच्या अलीकडं उभी राहिले. पडद्यावर गुलाबी बोगदा दिसत होता, पाण्यानं धुतला जात होता. भिंतीला केस चिकटले होते, न्हाणीच्या मोरीत अडकतात तसे. एक बारीक चिमटा यायचा, केस धरायचा, मागं जायचा. परत यायचा. मला माझ्या पार्लरची जमीन आठवली. कुणाकुणाचे केस असतील ते. सरपंचबाईंचे, पोस्टमनच्या आईचे, लग्न ठरलेल्या पोरींचे. सगळं गाव माझ्या पोरीला टोचत बसलं होतं आणि आम्ही एकमेकींकडं बोटं दाखवत होतो.

"हा शेवटचा," डॉक्टर म्हणाल्या. पडदा स्वच्छ झाला.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, मुलगी छान आहे. भोकं एवढीशीच आहेत, आपोआप भरतील. परत होणारच नाही असं मी कुणालाही सांगत नाही, म्हणाल्या, पण जागा स्वच्छ राहिली तर बहुतेक होत नाही. रोज धुवायचं. जखम भरली की दर पंधरा दिवसांनी भोवतीचे केस मशीननं काढायचे, वर्ष-दीड वर्ष तरी. मग माझ्या डोक्याकडं बघून जरा थांबल्या. "सकाळी लांब होते ना?"

"उकडत होतं," मी म्हणाले.

संध्याकाळी हर्षदा स्वतःच्या पायांनी जिना उतरली. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. स्टँडवर एसटीची वाट बघत बसले, आणि तिथं मला रडू फुटलं. कारण तो केस माझा नव्हता.

माझे केस सरळ आहेत, खराट्याच्या काडीसारखे. कितीही भिजवा, वेटोळं धरत नाहीत. ट्रेमधला केस कुरळा होता. अंगात राहून मुरडलेला आहे असं दुसऱ्याला वाटेल, मला नाही वाटणार. दिवसभर मी केसच बघते. आणि कुरळा लाल केस जगात एकाच बाईचा असू शकत होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दादा गिरणीचा पट्टा आणायला सांगलीला गेला होता. भरदुपारी मालनवहिनी मागच्या दारानं आली आणि रंगाच्या खोक्यावरच्या बाईकडं बघत म्हणाली, वन्सं, एकदा लावून बघू या का. मी लावला. धुऊन, वाळवून आरशापुढं बसवलं. बाई स्वतःकडं बघून हसायलाच लागली. मान इकडं वळव, तिकडं वळव, केस पुढं घे. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. मग एकदम पदर डोक्यावर ओढला. हे काय म्हणतील, म्हणाली, आणि काळा रंग लावून द्या म्हणून माझ्या पाया पडायला लागली. मी वरून काळा लावला. टोकं काही केल्या काळी होईनात, ती कापून टाकली. जमिनीवर पडली. दुसऱ्या दिवशी उरलेला लाल रंग वाया कशाला घालवायचा म्हणून मी माझ्या डोक्याला फासला. हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात हेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तुमच्या बहिणीलाच विचारा की. एवढं बोलले असते तरी पुरे होतं. मला वाटलं, वहिनीला बिचारीला कळलेलंच नाही. ती खरोखरच मला धरून बसली आहे. तिला कळलं तर पोरीच्या अंगात आपला केस या विचारानंच ती मरेल. तेवढी एक समजूत मी स्वतःची घातली आणि एसटीत चढले.

पुढचे दिवस कठीण गेले. गावात असलं भुंडं डोकं घेऊन फिरणं सोपं नसतं. काही बायका यायच्या थांबल्या. काही मुद्दाम आल्या, डोकं बघायला. हर्षदा शाळेला जाताना लांबून हात हलवायची. आठवड्यात जायला लागली होती, दप्तर पाठीला, चाल सरळ. ती गेली की मी आत येऊन आरशाला पाठ करून बसायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मागचं दार वाजलं. वहिनी आणि हर्षदा. वहिनीनं आत येऊन कडी लावली, खिडकी लावली.

"डॉक्टरीणबाईंनी केस काढायला सांगितल्यात," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. आन् पोरगी म्हणती, आत्यालाच करू दे."

"मला हात लावायची बंदी आहे."

"मी हाय न्हवं हितं."

मी हात धुतले, स्वच्छ चादर अंथरली, मशीन पुसलं. हर्षदा पालथी पडून उशीत तोंड खुपसून खिदळत होती, गुदगुल्या होतात म्हणून. जखमेच्या जागी मोहरीएवढे ठिपके राहिले होते. इतक्या दिवसांनी त्या अंगाला हात लागला आणि मला धड दिसेना. काम झाल्यावर वहिनीनं पोरीला घरी पिटाळलं, गिरणीत डबा दे म्हणून. ती गेली. वहिनी गेली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आरशाकडं बघत उभी राहिली.

"वन्सं, तो केस कुरळा हुता."

मी मशीन खाली ठेवलं.

"ट्रेमदी बघितला तवाच वळकला मी," ती म्हणाली. "म्हणून तर मागं सरले."

माझ्या डोक्यात काय काय उसळलं ते सांगता येणार नाही. मानेवरचे खुंट अजून टोचत होते. म्हणजे जीपमध्ये, पेरवाच्या पिशवीपुढं, त्या बोथट कात्रीपुढं, सगळा वेळ या बाईला माहीत होतं. हात उगारला गेला नाही एवढंच. मी एवढंच म्हणाले, "आणि आनंदाला काय सांगितलंत?"

"लाल म्हणून सांगितलं. कुरळा म्हणून न्हाई सांगितलं. पोरीच्या आईनंच केलं म्हणले असते. मला माहेरला धाडली असती आन् पोरगी हितंच ऱ्हायली असती. तुमाला समदं ठावं असून तुमी का न्हाई बोलला?"

"तुम्हाला नांदायचं होतं," मी म्हणाले. "मला कुठं नांदायचंय."

ती खुर्चीत बसली, पदर खाली घेतला, अंबाडा सोडला. ते सगळे कुरळे केस पाठीवर पडले. "कापा," म्हणाली. "तुमच्याएवढं."

मी कात्री घेतली नाही. कंगवा घेतला. त्या केसांत माझ्या कंगव्याचे दात नेहमी मोडतात, त्या दिवशीही मोडले. रागही होता हातात, त्यामुळं चांगलं ओढून ओढून विंचरलं, आणि तिनंही हूं का चूं केलं नाही. मग घट्ट अंबाडा बांधून दिला.

ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. मी नको म्हणाले नाही. खुर्ची सरकवून, आरशाखालून, उंबऱ्याच्या खाचेतून, बोटानं उकरून उकरून तिनं सगळी खोली झाडली. मी ओल्या फडक्यानं मागून पुसत गेले. कपाटाच्या खालून केरासोबत एक लाल केस निघाला. वहिनीनं तो केर कागदात घेतला, पुडी बांधली आणि चुलीत घालायला म्हणून घरी घेऊन गेली. कुरळा होता की सरळ, ते आम्ही दोघींनीही बघितलं नाही.